याकोबदादांची साक्ष

चप्पल विकत घेताना मी अजूनही आत हात घालून तळ चाचपतो. एखादा खिळा वर आलाय का, शिवण कुठे टोचतेय का, हे बोटांनी बघितल्याशिवाय माझा पाय आत जात नाही. दुकानदार वैतागतो, बायको शेजारच्या दुकानात निघून जाते. ही खोड मला याकोबदादांनी लावली. त्यांच्याबद्दल लिहायचं अनेकदा मनात आलं आणि तितक्यांदा मी ते टाळलं. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्या एका सहीबद्दलही लिहायला हवं, आणि ते मला नको असतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून माझी नेमणूक रोह्याला झाली. हुद्दा ऐकायला भारदस्त. काम मात्र गावोगाव हिंडून लोकांना सदरा काढायला लावायचं. पाठीवर, दंडावर फिकट चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला सांगायचं, कोंबडीचं पीस त्या चट्ट्यावर हलकंच टेकवायचं आणि विचारायचं, कळलं का? नाही कळलं, की माझं काम सुरू आणि त्याचे हाल सुरू. मी येतोय हे कळलं की वस्त्यांमधली दारं लागायची. माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं त्या काळात. मुलीकडच्यांना मी ‘आरोग्य खात्यात आहे’ एवढंच सांगत असे.

दर गुरुवारी दवाखान्याच्या मागच्या पडवीत पायांची तपासणी असायची. डॉक्टर आले तर आले. याकोबदादा मात्र यायचेच. रोह्याजवळच्या निडी गावाहून सायकलवर, कॅरियरला पत्र्याची पेटी बांधून. पेटीत मऊ काळ्या रबराचे तुकडे, रापी, आरी, दोरा आणि जुन्या कॅलेंडरची पानं. उजव्या हाताची दोन बोटं आत वळलेली, डाव्या पावलाला अंगठा सोडून बोटंच नाहीत. पण आरी चालवायला लागले की उरलेल्या तीन बोटांकडे बघत राहावं. सगळ्यांना ते ‘सलाम’ म्हणत, आणि तो सलाम तुमच्या चेहऱ्याआधी तुमच्या पायांना असे. पहिल्याच दिवशी माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, सर, उजवा बूट बाहेरच्या अंगानं झिजलाय, कंबर दुखते का? दुखत होती. मला राग आला.

माणसं ते पायांवरून ओळखत. रोह्याच्या बाजारात कोणी हात केला की माझ्या कानाशी सांगायचे, हा खांब गावचा, डावी टाच. नाव त्यांना आठवायचंच नाही. रोग्याला बाकावर बसवायचे, स्वतः खाली घमेल्यापाशी बसायचे. पाय पाण्यात भिजत ठेवायचे, मग ब्लेडने मेलेली कातडी तासायची, तेल लावायचं, आणि पाय कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ठेवून पेन्सिल फिरवायची. त्या मापाची चप्पल पुढच्या गुरुवारी तयार. तिच्यात खिळा नसायचा. सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. बाजारातला चांभार खिळे ठोकतो, चांगल्या माणसाला खिळा टोचला की तो ओरडतो. या लोकांना टोचलेलं कळतच नाही. ते खिळ्यावर दिवसभर चालतात आणि संध्याकाळी चपलेत रक्त बघून म्हणतात, हे कुठून आलं.

म्हणून दुखण्याबद्दल त्यांचं सगळं उलटं होतं. कोणी पाय तासताना ‘आई गं’ म्हणालं की दादांचा चेहरा उजळायचा. ‘दुखतंय? वा, वा. मग हा भाग जिवंत हाय,’ असं म्हणून ते त्या जागेला तेल जरा जास्तच लावायचे. एकदा माझी दाढ ठणकत होती तेव्हा त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही.

हे त्यांना का वाटायचं ते मला त्यांची हकिगत कळल्यावर समजलं. जन्म पेणजवळच्या खाडीकाठच्या घरात, नाव हिराजी. घरातली सगळी माणसं मिठागरावर. मिठाच्या वाफ्यात उतरणाऱ्याचे पाय चिरतात आणि त्या चिरांमध्ये खारं पाणी झोंबतं. संध्याकाळी माणसं पाय धरून बसतात. पंधरा-सोळा वर्षांच्या हिराजीला मात्र काहीच होत नसे. सगळ्यांच्या आधी वाफ्यात आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर. बापाला कोण कौतुक. माझ्या पोराचे पाय दगडाचे हायेत म्हणून गावभर सांगायचा. पोरगाही चेकाळला, शिंपल्यांवरून अनवाणी चालून दाखवायचा. दोन वर्षं हे कौतुक चाललं. मग एक दिवस आईला त्याच्या तळव्यात शिंपल्याचा तुकडा दिसला, पेरभर आत रुतलेला, आणि पोराला त्याचा पत्ता नव्हता. आई रडायला लागली तेव्हाही तो हसतच होता, असं दादा सांगायचे. मिठागरावरच्या माणसांशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाची झाली नसती. शेतावरचा बाप घाबरला असता, हा बाप मिरवत होता.

त्यानंतर त्याच बापाने त्याला बांधावर झोपडी घालून दिली. चार वर्षं जेवण बांधाच्या टोकाला ठेवलं जायचं. ठेवणारा माणूस लांब गेला की यानं जाऊन घ्यायचं. अखेर पेणच्या कोणा ख्रिस्ती शिक्षकाने त्याला घाटावरच्या मिशनच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. तिथे परदेशातून आलेल्या एक डॉक्टरबाई होत्या. दादा त्यांना मिसबाई म्हणायचे. सातासमुद्रापलीकडची बाई, लग्न नाही, कार्य नाही, उभी हयात इथल्या लोकांचे सडके पाय धुण्यात काढली.

‘चार वर्षं मना कोणी शिवलं नव्हतं, सर,’ दादा सांगायचे. ‘बाईंनी माझा पाय मांडीवर घेतला आणि पयलं काय केलं, तर मना शिव्या घातल्या. एवढी घाण ठेवतात का पायाला म्हणून. देव तवा मना काय ठावं नव्हता. मी बाईंच्या हातावर विश्वास ठेवला. ते हात कोणाचे, ते मागाहून कळलं.’

बाप्तिस्मा घेतला, हिराजीचा याकोब झाला. अकरा वर्षं तिथे राहिला, चपला शिकला, तिथल्याच एका बऱ्या झालेल्या मुलीशी, मार्थाशी, लग्न केलं. मिसबाई म्हाताऱ्या होऊन आपल्या देशी परतल्या तेव्हा नवरा-बायको लहान मुलीला घेऊन खाली कोकणात आले. गावाने घेतलं नाही म्हणून निडीला राहिले. मार्था लवकर गेली. मी ओळखतो तेव्हापासून घरात दोघंच, दादा आणि त्यांची एस्तर.

पेणला ख्रिस्ती मंडळींचं एक लहानसं कौलारू प्रार्थनाघर होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दादा तिथे साक्ष देत. साक्ष म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. परदेशचे पाहुणे आले तर पाळकसाहेब हटकून दादांनाच उभं करायचे. दादा चप्पल काढायचे, तुटका पाय पुढे करायचे, बांधावरची झोपडी, मिसबाईंची मांडी, सगळं सांगायचे. पाहुणे फोटो काढायचे. वर्षानुवर्षं तेच शब्द. कुठे थांबायचं तेही ठरलेलं. एस्तर ती साक्ष घरी हुबेहूब म्हणून दाखवायची, थांबण्याच्या जागांसकट, बापासमोरच, आणि दादा हसून हसून डोळे पुसायचे. एका नाताळला मी प्रार्थनाघरात ती साक्ष प्रत्यक्ष पाहिली आणि मला ती खटकली. येताना मी बोलूनही दाखवलं, की दादा, दर वेळी पाय कशाला दाखवता? त्यांनी शांतपणे सांगितलं, माझ्याकडं दुसरं काय हाय, सर? शेत नाय, गाव नाय. मी बरा झालेला माणूस हाय. त्याच्यावरच सगळं उभं हाय.

त्या वेळी मला ते बोलणं साधं वाटलं.

तशी त्यांची हिंमत मोठी. खांबच्या पलीकडच्या एका वाडीत एक म्हातारी होती. दादांनी केलेली चप्पल ती घालेना. काळ्या रबराची, मागे पट्टा असलेली ती चप्पल लांबून ओळखू यायची. चप्पल दिसली की लोक म्हणणार, हिला तो रोग आहे. दादा विचार करत बसले. मग त्यांनी तश्शीच चप्पल धडधाकट लोकांसाठी करायला घेतली. पोस्टमनला दिली, चहावाल्याला दिली, मला दिली आणि कचेरीत घालून जायला लावली. वर्षभरात रोह्यात ती चप्पल इतक्या पायांत दिसायला लागली की ओळखणाऱ्यांची पंचाईत झाली. म्हातारीने मग निमूटपणे पाय आत घातला.

त्यावरूनच एकदा काही पोरांनी त्यांना वाटेत अडवलं. चपला वाटून धर्म बाटवतो म्हणाले, पेटी ओतून टाकली. मी सोबत होतो आणि, खरं सांगायचं तर, घाबरून गप्प होतो. त्यांचा म्होरक्या म्हणाला, यापुढे त्या देवाचं नाव काढणार नाही असं बोल आणि जा. दादा रबराचे तुकडे गोळा करता करता म्हणाले, ‘मी आपणहून काढत नाय. पण कोणी विचारलं तर खोटं बोलणार नाय. लपवायचं मना जमत नाय, बाबांनो. बापानं मना लपवलं, म्हणून मी चार वर्षं बांधावर काढली.’ पोरांनी दोन शिव्या दिल्या आणि वाट सोडली. रोग्यांनाही ते हेच सांगत. चट्टा लपवू नका, चट्टा गोळ्यांनी जातो, लपवण्याला गोळी नाही.

आता माझ्या सहीचं. ज्या घरात रोगी होऊन गेला त्या घरातल्या प्रत्येकाची दरवर्षी तपासणी करायची, असा आमचा नियम. दादांच्या घरी जायचं म्हणजे एस्तरला तपासायचं. पहिल्या वर्षी मी विषय काढला तर दादा म्हणाले, घरातलं मी बघतो की, तुम्ही कशाला एवढी तंगडतोड करता? मलाही ते पटलं. त्यांच्याइतका चट्टा ओळखणारा माणूस तालुक्यात नव्हता. तरण्या मुलीला तपासायचा संकोचही होता. मी रजिस्टरमध्ये ‘तपासले, दोष नाही’ असं लिहून सही केली. पुढची तीन वर्षंही केली.

एस्तर दहावी झालेली, चटपटीत, जिभेला धार असलेली मुलगी. घरी शिलाई मशीन होतं, निडीतल्या निम्म्या बायकांची पोलकी तीच शिवायची. तिला पेणच्या मंडळीतलंच स्थळ आलं. मुलगा शमुवेल, नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टवर, घरी आई. ‘आमच्यातर्फे कोणी शिकलेला माणूस पायजे’ म्हणून दादांनी मलाही बोलावलं होतं. मुलाची आई सरळ चुलीपाशी जाऊन बसली. एस्तर तांदळाच्या भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी फुगावी म्हणून ती हाताच्या कडेने, करंगळीच्या बाजूने, दाबत होती. फडकं नाही, उलथनं नाही. हात तव्याला चिकटतोय की काय असं वाटावं, पण तिच्या बोलण्यात खंड पडत नव्हता. बाई खूश झाली. बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘पोरीचा हात बघा, चटका बसत नाय हिला. अशी सून मिळायला भाग्य लागतं.’

सगळे हसले. दादा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी पाणी मागितलं. मला वाटलं, मुलीचा बाप आहे, गलबलला असेल. मी जवळ्याच्या चटणीबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि घरी गेलो. माझं काम काय होतं आणि मी काय करत होतो, हे आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

पुढचं मला फार उशिरा कळलं. पाहुणे गेल्यावर दादांनी एस्तरला समोर बसवून डोळे मिटायला सांगितले. पीस चार ठिकाणी टेकवलं. कोपराखाली, जिथे रुपयाएवढा फिकट चट्टा होता, तिथे ती काही बोलली नाही. करंगळीवरही काही बोलली नाही. उलट हसून म्हणाली, बाबा, मी पेशंट हाय काय?

‘नाय गो,’ दादा म्हणाले. ‘सवय म्हणून बघतो.’

गोळ्या तर गुरुवारच्या पेटीशेजारीच असायच्या. पण त्या गोळ्यांनी काही महिन्यांत कातडी काळपट पडते. तालुक्यातल्या बायका तो रंग ओळखत. लग्न तीन महिन्यांवर. दादांनी ठरवलं, लग्न होऊ दे, मग बघू. गोळ्यांऐवजी त्यांनी बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरला. औषध आणि प्रार्थना दोन्ही लागतात, असं मिसबाई म्हणायच्या आणि दादाही सगळ्यांना तेच सांगायचे. स्वतःच्या पोरीच्या वेळी एकच घेतलं. मला ते वाळलेले दिसले तेव्हा मी चेष्टा केली, की वरबापाने जाड व्हायचं आणि वधूबापाने बारीक, असा तुमच्यात नियम आहे का? ते हसले.

पेणला पांढऱ्या साडीत एस्तरचं लग्न झालं. लगेच दिवस राहिले. आता गोळ्या दिल्या तर सासरी कळणार, म्हणून बाळंतपण होऊ दे. माहेरी आली की दादा काही ना काही निमित्त काढून तिचा हात हातात घेत. चट्टा वाढत होता. मुलगा झाला. बाळ दीड महिन्याचं असताना एस्तरच्या कोपरापासून आग निघायला लागली. बाळंतपणानंतर हा आजार असा उसळतो, आम्ही त्याला रिअॅक्शन म्हणतो. आठ दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं, पाऊल लटकं पडलं. एका गुरुवारी तिला रिक्षातून पडवीत आणलं तेव्हा बाकावर बसलेले सगळे रोगी उठून उभे राहिले. मी तिला विचारलं, हाताचं कधीपासून आहे? तिला माहीत नव्हतं. मी दादांकडे बघितलं. ते घमेल्यातलं पाणी बदलायला निघून गेले.

औषधं सुरू केली. नस वाचवायची वेळ टळून गेली होती. सासूने बाळ ठेवून घेतलं. गोळ्या सुरू झाल्यावर लागण होत नाही, हे मी त्या घरी दोनदा जाऊन सांगितलं, छापील पत्रकं दिली. बाईने पत्रकं सुपाने ढकलून माझ्याकडे परत केली. शमुवेल रडला, पण आईपुढे तोंड उघडलं नाही. रोगी पोरगी फसवून गळ्यात बांधली, हे पेणभर झालं. एस्तरने पवित्र शास्त्रावर हात ठेवून सांगितलं की मला ठाऊक नव्हतं. कुष्ठरोग्यांच्या चपला शिवणाऱ्याच्या पोरीला ठाऊक नव्हतं, यावर कोण विश्वास ठेवणार? मूल गेलं, हात गेला, वर ती खोटारडी ठरली.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. दादा मला म्हणाले, सर, पेणला चला. का ते सांगितलं नाही.

त्या दिवशी ते साक्षीला उभे राहिले, पण चप्पल काढली नाही. ओळखीच्या शब्दांची वाट बघत लोक सैलावून बसले होते. दादांनी सुरुवातच केली, ‘माझ्या पोरीला ठाऊक नव्हतं. मना ठाऊक होतं.’ मग भाकरी, पीस, चट्टा, उपास, सगळं क्रमाने सांगितलं. गोळ्या हाताशी असून दिल्या नाहीत, हे दोनदा सांगितलं. का दिल्या नाहीत तेही सांगितलं: ‘पोरीचं लग्न मोडंल म्हणून, हे अर्धं. माझ्या घरातून तो रोग गेला, असं तुमच्यापुढं इतकी वर्सं बोललो. तो माझ्याच घरात निघाला तर माझी साक्ष काय ऱ्हायली? मना माझी साक्ष प्यारी झाली.’ पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू या. सासूबाई मधल्या रांगेतून उठल्या आणि नातवाला खांद्यावर टाकून बाहेर गेल्या. दादांनी मूल जाताना बघितलं आणि ते खाली बसले.

येताना एसटीत त्यांचा चेहरा हलका झाला होता. मला त्याचं बरं वाटलं आणि चीडही आली. ते सांगत होते की त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच मिसबाईंना सगळं पत्राने कळवलं होतं. पाळकसाहेबांनाही आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं. नागोठणं गेल्यावर मी विचारलं, आणि एस्तरला? ते खिडकीबाहेर बघायला लागले. ‘आता सांगतो. आधी चारचौघांत तिचं नाव धुवायचं होतं.’

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. एस्तर मशीनवर बसून डाव्या हाताने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. दादांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने दोरा बाजूला ठेवला. शेवटी एवढंच विचारलं, मंडळीत सांगितलंत? दादा व्हय म्हणाले. मडमेला लिहिलंत? व्हय म्हणाले.

‘देवाला सांगितलंत, मडमेला सांगितलंत, सगळ्या पेणला सांगितलंत,’ एस्तर म्हणाली. ‘हात माझा होता, बाबा.’

माझ्या सहीचंही मी तेव्हाच सांगून टाकलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुम्ही पण जावा आता, सर.

त्यानंतर ती दोन वर्षं निडीला बापाच्याच घरात राहिली, गोळ्या नेमाने घेतल्या, काळी पडली, मग पुन्हा उजळली. मुलगा तिला दोनदा दाखवला, दोन्ही वेळा उंबऱ्याबाहेरून. घरात ती दादांना जेवायला वाढायची, कपडे धुवायची. बोलायची नाही, आणि पायाला हात लावू द्यायची नाही. तिच्या पायाचं माप मिळावं म्हणून दादांनी सारवलेल्या ओल्या अंगणात उमटलेल्या तिच्या पावलांवर कागद टाकून पेन्सिल फिरवली होती. त्यावरून चपलेचे तीन जोड केले. ते दाराशी पडून राहिले. ती बाजारातली स्लिपर घालायची. दर महिन्याला मी तिचा पाय तपासायला जायचो. मी आत, तिच्यासमोर जमिनीवर. दादा बाहेर ओटीवर, दाराकडे पाठ करून. तिथून विचारायचे, टाच लाल हाय का, सर? बोटांच्या बेचक्यात चीर हाय का? मी नाही म्हणायचो. बहुतेक वेळा ते खरं असायचं. एकदोनदा नव्हतं. त्यांना जपायचं म्हणून मी बोलून जायचो आणि एस्तर माझ्याकडे बघायची.

मिसबाईंच्या देशातून उत्तर आलं, पण त्यांच्या भाचीचं. बाई वारल्या होत्या, पत्र पोचण्याआधी. दादा म्हणाले, बरं झालं, वाचलं नाय त्यांनी. थोड्या वेळाने म्हणाले, नाय, बरं नाय झालं. साक्ष द्यायची त्यांनी सोडली. परदेशचे पाहुणे आले की पाळकसाहेब त्यांच्याकडे बघायचे आणि दादा मान हलवायचे. गुरुवार मात्र चुकवला नाही. घमेल्यापाशी बसून पाय तासत राहिले. कोणी ‘आई गं’ म्हणालं तर आता ते ‘वा’ म्हणत नव्हते, हात जरा थांबवत होते.

दशक संपता संपता माझी बदली झाली. शेवटचं म्हणून निडीला गेलो. एस्तर आदल्या दिवशी चालत रोह्याला जाऊन आली होती. टाच हातात घेतली तर गरम लागली. कडेला रुपयाएवढा फोड, भोवती लाल. तिला काहीच कळलं नव्हतं. बाहेरून नेहमीचा आवाज आला, टाच लाल हाय का, सर? माझी शेवटची भेट; माझ्या तोंडात ‘नाही’ आलंच होतं.

‘खोटं सांगू नका,’ एस्तर मला म्हणाली. मग मान वळवून, दाराकडे, मोठ्याने: ‘लाल हाय. फोड आलाय. रुपयाएवढा.’

दोन वर्षांत ती त्यांच्याशी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी उठून दार सताड उघडू लागलो तर तिने मानेने नको म्हणून सांगितलं. मग दादा बोलायला लागले. पाठ तशीच दाराकडे. फोड फोडायचा नाय, आधी कोमट पाणी. पाणी हाताच्या कोपरानं बघा, सर, तिच्या पायानं नको. आता कोरडं करा, घासू नका, टिपा. कापूस जाड. पट्टी टाचेखालून घ्या, अजून वर, आवळू नका. ते सांगत होते तसं मी करत गेलो. इतक्या वर्षांत हजार पट्ट्या बांधल्या असतील मी, पण अशी कोणाच्या आवाजावर नाही. एस्तरने पाय जराही हलवला नाही.

पट्टी झाली. तीन आठवडे टाच टेकवायची नाय, ते म्हणाले. मी सामान आवरून बाहेर आलो, त्यांच्या पाया पडलो. त्यांनी सलाम केला, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. मी रस्त्याला लागून मागे बघितलं तेव्हा ते तसेच दाराकडे पाठ करून बसले होते आणि उशी कुठली घ्यायची, पाय किती वर ठेवायचा, ते समोरच्या रिकाम्या अंगणाला समजावून सांगत होते.